ट्रान्सफॉर्मरच्या तेलात ॲसिटिलीन निघालं, ऑनलाइन डीजीए लावावा का?

तेलकट_हात
मंडळी, धागा जरा तांत्रिक आहे पण इथे आजीमाजी वीजवाले बरेच आहेत म्हणून टाकतोय.

एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे (नाव विचारू नका, अजून नोकरी करायचीय). आमच्याकडे १३२/३३ केव्हीचा ५० एमव्हीए ट्रान्सफॉर्मर आहे, १९९८ चा. स्पेअर नाही, हा गेला की आम्ही गेलो. दर वर्षी उन्हाळ्याआधी तेलाचा नमुना लॅबला जातो, रिपोर्ट येतो, फायलीत लागतो, विषय संपला. यंदा साहेब रजेवर म्हणून फाइल माझ्या टेबलावर आली आणि मी सहज मागची पानं उलटली. ॲसिटिलीन आधी ०, पुढच्या वर्षी ३, मग ९, आणि आता १४ पीपीएम. आणि चारही रिपोर्टच्या खाली एकच शेरा, 'समाधानकारक'.

बाकीचे गॅस देतो: हायड्रोजन ५, मिथेन ८, इथिलीन ६, इथेन ४, कार्बन मोनॉक्साइड ३८०. बीडीव्ही (तेल किती व्होल्टेज झेलतं ते) ६२ केव्ही, म्हणजे तेल तसं ठणठणीत.

साहेब आल्यावर दाखवलं तर ते म्हणाले ऑनलाइन डीजीए (तेलात विरघळलेले गॅस सतत मोजणारं यंत्र) लावून टाकू. एका व्हेंडरचं १८ लाखांचं कोटेशनपण आलं, नऊ गॅस, दर चार तासांनी रीडिंग, मोबाइलवर ॲप. माझे प्रश्न दोन. आत खरंच आर्किंग होतंय का? आणि हे १८ लाखांचं यंत्र लावून नक्की काय होणार?

चक्रधर_व्ही
ॲसिटिलीन म्हणजे वेल्डिंगवाल्याच्या नळकांड्यातलं ना? तुमच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये कोण वेल्डिंग करतंय :ड

निवृत्त_टेस्टिंग
चक्रधर, तू गमतीत बोललास पण माझा पहिला प्रश्न तोच होता. तेलकटराव, गेल्या चार वर्षांत रेडिएटरचं किंवा टाकीचं लीकेज कोणी तेल न काढता वेल्डिंग मारून बंद केलंय का? तसं केलं की आतल्या बाजूला तेल भाजतं आणि ॲसिटिलीन तयार होतं, आणि मग पुढची दोन वर्षं सगळे त्या गॅसच्या मागे धावतात. मी स्वतः एकदा असा धावलोय.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ट्रान्सफॉर्मरचं तेल म्हणजे त्याचं रक्त समजा. आत काही बिघडलं की तेलाचे रेणू तुटतात आणि गॅस तेलातच विरघळून राहतात. किती तापलं त्यावर कुठला गॅस हे ठरतं. बारीक पार्शल डिस्चार्ज असेल तर हायड्रोजन, एखादा जॉइंट सैल होऊन धातू तापला तर इथिलीन, आणि ॲसिटिलीन म्हणजे ठिणगी, आर्क. कागद भाजायला लागला तर कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड. डॉक्टर रक्त बघून लिव्हर की किडनी सांगतो तसं. तेल वाईट झालं तर गाळता येतं, बदलताही येतं, पण वाइंडिंगवरचा कागद बदलता येत नाही. नव्या कागदाचा डीपी (कागदाच्या तंतूतल्या साखळीची लांबी, म्हणजेच त्याची ताकद) हजाराच्या पुढे असतो आणि २०० च्या आसपास आला की त्या कागदात जीव नसतो, एक शॉर्टसर्किटचा धक्का आणि खेळ खलास.

आता तुमच्या आकड्यांबद्दल. बीडीव्ही ६२ बघून खूश होऊ नका, बीडीव्ही ओलावा आणि कचरा सांगते, बिघाड सांगत नाही. बीडीव्ही उत्तम आणि आत जळतंय, असं होऊ शकतं. मला हे सांगा:
ओएलटीसी (लोड चालू असताना व्होल्टेजचे टॅप बदलणारा स्विच) आहे का, आणि त्याचं तेल शेवटचं कधी बदललं?
नमुना कोण घेतं आणि कशात?

फुरसुंगीकर
वाचनखूण साठवली आहे. काका, तुम्ही लिहीत राहा.

कोडेकर
ड्युव्हालच्या त्रिकोणात (गॅसच्या टक्क्यांवरून बिघाडाचा प्रकार सांगणारा तक्ता) टाकून बघितलं. मिथेन, इथिलीन, ॲसिटिलीन मिळून २८, त्यात ॲसिटिलीन ५० टक्के, इथिलीन २१ टक्के. सरळ डी-१ मध्ये पडतंय, म्हणजे कमी ऊर्जेचा डिस्चार्ज. तेव्हा आर्किंग आहेच. माझं म्हणणं, ऑनलाइन लावाच, वर्षातून एकदा रक्त तपासून कुणाचं काय होतं? डेटा क्लाउडवर टाका, वर एक मॉडेल बसवा, बिघाडाच्या तीन महिने आधी अलर्ट येईल. आमची कंपनी हेच करते. (जाहिरात नाही, खरंच.)

डीपीवाला_पाटील
जाहिरात नाही म्हणे :)

तुमचं ५० एमव्हीएचं ठीक आहे हो, आमच्या १०० केव्हीएच्या डीपीची (कागदाचा डीपी नव्हे, शिवारातला छोटा ट्रान्सफॉर्मर) तपासणी कोण करतं? आमच्याकडे कंडिशन मॉनिटरिंग म्हणजे ऑइल खालून गळून गवत काळं पडलं की समजायचं. डीपी जळाली की शिवारातले वीस जण वर्गणी काढणार, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून नेणार, दुसरी आणणार, आणि ती बसवली की पंधरा दिवसांत तीपण जाणार. मागच्या रब्बीत कांद्याला दोन पाणी राहिलेली असताना आमची गेली, अकरा दिवस अंधार.

निवृत्त_टेस्टिंग
पाटील, रागावू नका पण विचारतो. त्या डीपीवरच्या किती पंपांना ऑटोस्विच आहे?

डीपीवाला_पाटील
सगळ्यांना :( रात्री दोनला लाइट येते काका, कोण उठून जाणार विंचू-सापात.

निवृत्त_टेस्टिंग
तेच. लाइट आली की एका सेकंदात वीसच्या वीस मोटरी एकदम उठतात, प्रत्येक मोटर सुरू होताना चालू लोडच्या पाच-सहा पट करंट ओढते. वर कॅपॅसिटर कुणी लावलेला नसतो आणि तारेवर आकडे टाकणारे वेगळे. तुमच्या डीपीला सेन्सरची गरज नाही, वीस माणसांनी एका बैठकीत बसायची गरज आहे. रात्रीच्या लाइटीचा दोष तुमचा नाही, ते मान्य.

सुमेधा_ल
मी इलेक्ट्रिकलची नाही, पण आमच्या सोसायटीच्या कंपाउंडला लागून एक सबस्टेशन आहे. दोन शंका. तो रात्रभर एका सुरात गुणगुणतो ते नॉर्मल आहे का? आणि त्याला एक काचेची बरणी लटकवलीय, त्यातले खडे आधी निळे होते ते आता गुलाबी झालेत. सुंदर दिसतात पण काहीतरी गडबड वाटते.

मनोऱ्यावरून
सुमेधाताई, गुणगुण नॉर्मल. ५० हर्ट्झच्या प्रवाहात कोअरचा पोलाद दर सायकलला दोनदा आकुंचन-प्रसरण पावतो म्हणून १०० हर्ट्झचा सूर लागतो. सूर बदलला, खरखर आली किंवा मध्येच तडतड ऐकू आली तर फोन करा. आमचे जुने ऑपरेटर लाकडी काठीचं एक टोक टाकीला आणि दुसरं कानाला लावून ऐकायचे आणि कूलिंग फॅनचं बेअरिंग चाललंय का आतलं काही सैल झालंय ते सांगायचे.

बरणी म्हणजे ब्रीदर. तेल गरम-थंड होताना ट्रान्सफॉर्मर श्वास घेतो, ती हवा सिलिका जेलमधून कोरडी होऊन जाते. गुलाबी म्हणजे जेल ओलं झालं, आता प्रत्येक श्वासाबरोबर दमट हवा आत. पावसाळ्याच्या तोंडावर तर बदलायलाच हवं. एवढ्या स्वस्तातलं कंडिशन मॉनिटरिंग जगात नाही, कंपाउंडबाहेरून दिसतं, आणि तरी कुणी बघत नाही.

सुमेधा_ल
फोटो काढून ऑफिसला पाठवते. निळे झाले की इथे कळवीन.

हेस_ते_हडपसर
बघण्यावरून आठवलं, मी राहतो पश्चिम लंडनला, हीथ्रोच्या जवळच. २० मार्च २०२५ च्या रात्री आमच्या इथल्या नॉर्थ हाइड सबस्टेशनमधला २७५ केव्हीचा एक सुपरग्रिड ट्रान्सफॉर्मर पेटला. रात्री साडेअकराच्या सुमाराला लाइट गेली, इथे लाइट जाणं म्हणजे बातमी असते, आम्ही मेणबत्त्या शोधतोय आणि खिडकीतून आकाश नारिंगी. बायकोची आई दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईहून उतरणार होती. विमानतळच बंद! १३०० च्या वर फ्लाइट्सना फटका बसला.

जुलैमध्ये तिथल्या एनईएसओचा म्हणजे राष्ट्रीय ऊर्जा यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेचा चौकशी अहवाल आला, तो मी बसून पूर्ण वाचला. कारण बहुतेक हाय व्होल्टेज बुशिंगमध्ये (टाकीतून वायर बाहेर काढणारा इन्सुलेटर) शिरलेला ओलावा. आणि आता ऐका. त्या बुशिंगच्या तेलाचा नमुना जुलै २०१८ मध्ये घेतला होता, त्यातच ओलाव्याचं प्रमाण वाढलेलं आलं होतं. त्यांच्याच नियमांप्रमाणे ती गंभीर बाब, ताबडतोब कारवाई करायची. झाली नाही. २०२२ मध्ये ठरलेला मेंटेनन्सही पुढे ढकलला गेला. म्हणजे तपासणी झाली होती, आकडा आला होता, कागदावर होता, जवळजवळ सात वर्षं.

तेलकट_हात, तुमच्या फायलीतले ०-३-९-१४ वाचून मला तीच फाइल आठवली.

फुरसुंगीकर
सासूबाई मग कुठे उतरल्या?

हेस_ते_हडपसर
उतरल्याच नाहीत, मुंबईतच रद्द. तीन दिवसांनी आल्या, डब्यातले बेसन लाडू शाबूत होते.

कोडेकर
बघा, हेच तर म्हणतोय. तिथे ऑनलाइन मॉनिटर असता तर ओरडला असता.

मनोऱ्यावरून
कोडेकर, कुठला मॉनिटर? मेन टँकवरचा डीजीए बुशिंगबद्दल काही सांगत नाही, ओआयपी (तेलात भिजवलेल्या कागदाच्या) बुशिंगचं तेल वेगळं, बंद. तिच्यासाठी टॅन डेल्टा (इन्सुलेशनमध्ये किती वीज वाया जाते ते) आणि कपॅसिटन्स बघावा लागतो, टॅन डेल्टा ०.७ टक्क्यांच्या वर चालला किंवा आधीच्या रीडिंगपेक्षा सरकला की सावध. त्याचेही ऑनलाइन सेन्सर मिळतात, टेस्ट टॅपवर (बुशिंगवरचं चाचणीचं टोक) बसतात, पण वेगळे घ्यावे लागतात. आणि टेस्ट टॅपची एक गोष्ट सांगतो. टॅन डेल्टा घेताना टॅपची टोपी काढतात. टेस्ट झाल्यावर ती घट्ट लावायची, कारण टोपीतूनच टॅप अर्थ होतो. एका ठिकाणी (कुठे ते सोडा) शटडाऊन संपत आलेलं, लोड डिस्पॅचचे फोनवर फोन, आणि टोपी राहिली ती टेस्टिंगवाल्याच्या खिशात. चार्ज केल्यावर टॅपपाशी ठिणग्या. पोराच्या नशिबाने स्विचयार्डात उभ्या असलेल्या ऑपरेटरने तडतड ऐकली आणि ट्रिप करवलं. तपासणीनेच बुशिंग मारली असती.

आता ऑनलाइनबद्दल. मी विरोधात नाही, उलट एकदा मी त्याच्यामुळे वाचलोय. एका ४०० केव्हीच्या आयसीटीवर (दोन व्होल्टेजची ग्रिड जोडणारा ट्रान्सफॉर्मर) हायड्रोजन आणि इथिलीन दहा दिवसांत भराभर चढलं, वर्षाचा नमुना चार महिन्यांपूर्वीच स्वच्छ आला होता. लोड कमी केला, लॅबचा नमुना घेऊन खात्री केली, बाहेर काढला. आत लीडचा एक जॉइंट काळा पडलेला. वार्षिक नमुन्याच्या भरवशावर बसलो असतो तर गेला होता.

पण दुसरं टोकही बघितलंय. चांगला नऊ गॅसचा मॉनिटर, उद्घाटनाला नारळ फोडलेला, आणि आठ महिन्यांनी कळलं की मोडेममधलं सिमकार्ड रिचार्ज न केल्याने बंद पडलंय. स्क्रीनवर शेवटचं रीडिंग तसंच हिरवं. कॅरियर गॅसचं सिलिंडर रिकामं, तेही कुणाला माहीत नाही. आठ महिने सगळे त्या हिरव्या दिव्याकडे बघून निवांत.

चक्रधर_व्ही
१८ लाखांचं यंत्र, १९९ चं रिचार्ज. शाबास.

कोडेकर
हा यंत्राचा दोष कसा? सिम मेलं तर अलार्म यायला हवा, डिझाइन चुकलं. आणि मनोऱ्यावरून साहेब, तुमच्याच गोष्टीत ऑनलाइनने वाचवलं ना? मग वाद कशाचा?

मनोऱ्यावरून
वाद एवढाच, की अलार्म आला की कुणाच्या मोबाइलवर वाजतो आणि त्या माणसाला लोड कमी करायचा अधिकार आहे का. माझ्या गोष्टीत होता. सिमवाल्या ठिकाणी चार खात्यांना मेसेज जायचा, म्हणजे कुणालाच नाही.

तेलकट_हात
उत्तरं द्यायला उशीर झाला. वेल्डिंग नाही, विचारून घेतलं. ओएलटीसी आहे, टाकीतच बसवलेला, तेल तीन वर्षांपूर्वी बदललं. नमुना... आता कसं सांगू. काल कंत्राटदाराचा मुलगा नमुना घेताना मुद्दाम जाऊन बघितलं. पाण्याची प्लास्टिकची बाटली, व्हॉल्व्ह उघडला, पहिलं काळपट तेल सरळ बाटलीत, अर्धी भरली, झाकण लावलं, पिशवीत टाकून बाइकच्या हँडलला लटकवली. उन्हात.

निवृत्त_टेस्टिंग
अरे देवा. व्हॉल्व्हच्या नळीत साचलेलं तेल आधी सोडून द्यायचं, लिटर-दोन लिटर. मग काचेच्या सिरिंजमध्ये, बुडबुडा न येऊ देता, उन्हापासून झाकून, शक्य तितक्या लवकर लॅबला. अर्ध्या भरलेल्या बाटलीत वरच्या हवेत पहिला पळतो तो हायड्रोजन. तेव्हा तुमच्या ५ हायड्रोजनवर मी फार विसंबणार नाही.

तरी एक गोष्ट लक्षात घ्या. ॲसिटिलीन भागिले हायड्रोजन, १४ भागिले ५, म्हणजे २.८. हे गुणोत्तर दोन-तीनच्या पुढे गेलं की आयईसी ६०५९९ हे मानक सांगतं, ओएलटीसीचं तेल मेन टँकमध्ये झिरपतंय का बघा. ओएलटीसीतला डायव्हर्टर स्विच दर टॅपला तेलातच ठिणगी पाडतो, ते त्याचं कामच आहे, त्या तेलात ॲसिटिलीन भरपूर असणारच. मधलं सील गेलं की ते हळूहळू मोठ्या टाकीत येतं. कोडेकरांचा त्रिकोण चुकला नाही, ठिणगी आहेच. ती कुठल्या खोलीत पडली हे त्रिकोणाला कळत नाही.

आणि लॅबचा शेरा. लॅबही खोटं बोलत नाही हो. त्याच मानकात ॲसिटिलीनची नेहमीची पातळी २ ते २० दिलीय, १४ त्यात बसतं. लॅबवाल्याकडे एकच कागद असतो, चार वर्षांची पानं तुमच्या कपाटात. ० चे १४ झाले हे त्याला दिसणार कसं?

तेव्हा सिरिंजने दोन नमुने घ्या, एक मेन टँकचा, एक ओएलटीसीचा. आणि १८ लाख महिनाभर खिशात ठेवा.

डीपीवाला_पाटील
आमच्याकडे वायरमन डीपीचं तेल तपासतो ते बोट बुडवून नाकाला लावून. सिरिंज म्हटलं तर जनावरांच्या डॉक्टरला बोलवावं लागेल.

तेलकट_हात
पाच आठवड्यांनी परत आलो, धागा वर काढतोय.

सिरिंजचे नमुने: मेन टँक ॲसिटिलीन १५, हायड्रोजन ७. ओएलटीसीमध्ये आकडा हजाराच्या पलीकडे. साहेबांना निवृत्त काकांचा प्रतिसाद प्रिंट काढून दाखवला (नावाशिवाय). एका रविवारी शटडाऊन मिळालं. डायव्हर्टर क्रेनने वर उचलला, सिलिंडरमधलं सगळं तेल काढलं, आत उतरून कापडाने तळ कोरडा पुसला, मग पांढऱ्या खडूची पूड मारून वरून टॉर्च धरून बसलो. पाऊण तास काही नाही. चहा येऊन गेला. मग तळाच्या ड्रेन स्क्रूभोवती पूड एका बाजूने करडी व्हायला लागली, चवलीएवढा डाग, मग त्याच्या मधोमध तेलाचा एक थेंब उभा राहिला. मेन टँकचं तेल उलटं आत येत होतं. स्क्रूचं सील चेपलेलं. नवं टाकलं, परत खडू, दोन तास कोरडं.

वाइंडिंग रेझिस्टन्स सगळ्या टॅपवर घेतला, आधीच्या आकड्यांशी जुळतोय. म्हणजे आत आर्किंग नाही असं आता तरी वाटतंय.

साहेब १८ लाखांवर अजून ठाम आहेत पण आता म्हणतात बुशिंगचे सेन्सरपण घेऊ, हीथ्रोची गोष्ट त्यांना फार लागली. मी फक्त एवढं लिहून मागितलं की अलार्म कोणाला येणार आणि रात्री तीनला लोड कोण उतरवणार. त्यावर अजून सही झालेली नाही.

प्रश्न: आता तेल व्हॅक्यूमखाली फिल्टर करून गॅस काढून टाकायचा का? कंत्राटदार आलाच आहे मशीन घेऊन.

मनोऱ्यावरून
अभिनंदन! पण लगेच डीगॅस करू नका. १५ आहे तसं राहू द्या, तीन महिने, सहा महिने नमुने घ्या. आकडा तिथेच थांबला तर सील बरोबर बसलं. आज सगळा गॅस काढलात तर तुलना कशाशी करणार?

निवृत्त_टेस्टिंग
मी उलट म्हणेन. काढून टाका, शून्यापासून सुरू करा, मग १ दिसला तरी तो नवा. १५ चे १६ झाले तर लॅबच्या चुकीत धरायचा का खरा, यावर पुन्हा दोन महिने घालवाल. फक्त फिल्टरनंतर कागदात मुरलेलं जुनं तेल थोडा गॅस परत सोडतं, तेव्हा पहिल्या महिन्यात १-२ दिसलं तर घाबरू नका.

मनोऱ्यावरून
काका, यावर आपलं जमायचं नाही :)

कोडेकर
फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा डेटा मला पाठवाल का? फुकटात बघून देतो. खरंच जाहिरात नाही.

सुमेधा_ल
ऑफिसला तिसरा फोटो पाठवल्यावर काल दोघं येऊन बरणीतले खडे बदलून गेले. पण निळे नाहीत, नारिंगी आहेत. फसवलं का?

निवृत्त_टेस्टिंग
नाही हो ताई, निळ्या रंगातलं कोबाल्ट विषारी म्हणून आता नारिंगीही वापरतात. हे ओले झाले की रंग उडतो किंवा हिरवट होतात. आता गुलाबीची वाट बघत बसू नका.